हयात नटीचा शोकठराव

आमच्या खांबेटाकळी गावात सत्कार समिती आहे आणि तिचा चिटणीस मी आहे. मी म्हणजे काशीनाथ गुरुजी, प्राथमिक शाळेचा सहशिक्षक. ताडकळसच्या पुढं कच्च्या रस्त्यानं दोन कोस आलं की आमचं गाव लागतं. गावाला दवाखाना नाही, नळ नाही आणि पावसाळ्यात एस.टी. नाही. पण सत्कारात आम्ही तालुक्यात कोणाला ऐकत नाही. बारा वर्षांत एकशे सतरा सत्कार झालेत. मॅट्रिकला तिसऱ्या वर्गात पास झालेल्यांचे झाले, तिसऱ्या खेपेला पास झालेल्यांचेही झाले. गेलेली लाईट आणली म्हणून लाईनमनचा केला, आणि दुसऱ्या दिवशी लाईट पुन्हा गेली तेव्हा त्यानं यावं म्हणून पुन्हा केला. एक गुरुजी बदलून आले म्हणून त्यांचा सत्कार केला, आणि वर्षभरानं ते बदलून गेले म्हणून त्याहून मोठा केला.

समितीला नियम आहेत. सत्कारमूर्तीनं नाही म्हणायचं नाही. आणलेला हार परत न्यायचा नाही. आणि प्रमुख पाहुणे जे बोलतील ते खोडायचं नाही, मग ते काहीही बोलोत. या नियमांचं काटेकोर पालन केल्यामुळंच सन एकोणीसशे एकोणनव्वदमध्ये आमच्या गावची प्रभावती मयत झाली. ती आज चांगली धडधाकट आहे, पण जे जसं घडलं ते तसं नोंदवणं हे चिटणिसाचं काम आहे.

प्रभावती म्हणजे चांगुणाबाईची लेक. बाप ती लहान असतानाच वारला. चांगुणाबाई ताडकळसच्या बाजारात भाजी विकायची आणि पोरीला परभणीच्या कॉलेजात शिकवायची. तिथं पोरगी हौशी नाटक मंडळात शिरली. पाच वर्षं तिनं नाटकात कामं केली. कधी सून, कधी राणी, कधी पांढऱ्या केसांची म्हातारी. तालीम आटोपून ती संध्याकाळच्या गाडीनं गावात उतरायची, आणि पारासमोरून जायला लागली की पारावरची मंडळी एकदम कापसाच्या किडीवर बोलायला लागायची.

या पाच वर्षांत गावानं तिची दखल घेतली नाही असं कोणी म्हणू नये. सरपंच माणिकराव स्वतः चांगुणाबाईच्या दारात जाऊन म्हणाले होते, "वहिनी, पोरगी तोंडाला रंग लावून फिरायलीय. उजवून टाका. गावच्या इज्जतीचा सवाल हाय." मीही शाळेतल्या मुलींना तोंडी सूचना दिली होती की नाटकवाल्या मुलीशी वाटेत थांबून बोलत बसू नये. ग्रामसेवक भुजंग यांनी तिला कॉलेजसाठी वर्तणुकीचा दाखला देताना 'वर्तणूक चांगली असावी' असं लिहून दिलं होतं. 'आहे' लिहिलं असतं तर जबाबदारी आली असती.

मग बातमी आली. नाटक बघायला आलेल्या एका दिग्दर्शकाला प्रभावती पसंत पडली. कोल्हापूरला एक मराठी सिनेमा निघत होता आणि त्यात नायिकेच्या धाकट्या बहिणीचं काम तिला मिळत होतं. नऊ प्रसंग, अर्धं गाणं आणि एकदा मोठ्यानं रडणं. महिन्याच्या तीन तारखेला कॅमेऱ्यासमोर चाचणी होती आणि वीसपासून शूटिंग.

एका दिवसात गावाची इज्जत जागच्या जागी परत आली. रंग तोच, तोंड तेच. पण नाटकाचा रंग तोंडावर असतो आणि सिनेमाचा पडद्यावर, एवढा फरक गावाला पटला.

"गुर्जी, आपली परभा सिनेमात जायलीय," माणिकराव मला म्हणाले. 'आपली' या शब्दावर त्यांनी चांगला जोर दिला. "सत्कार लागतोय. लय मोठा."

सत्काराची पहिली तारीख ठरली त्या दिवशी विद्यापीठाच्या नामांतरावरून जिल्हा बंद होता. बंदच्या बाजूचे आणि बंदच्या विरोधातले असे दोन्ही लोक आमच्या गावात होते आणि एस.टी. दोघांनाही मिळाली नाही. दुसरी तारीख प्रमुख पाहुण्यांच्या दाढेत गेली. पाहुणे म्हणजे आमच्या भागातले माजी आमदार, ज्यांना सगळे नुसतं साहेब म्हणतात. दाढ काढून झाल्यावर साहेबांनी स्वतःच तारीख दिली. महिन्याची तीन.

प्रभावती माझ्याकडं आली. "गुर्जी, तीनला मी कोल्हापुरात हाय. कॅमेऱ्यासमोर उभं ऱ्हायचंय मला."

"मग कॅमेरा चारला ठेवा म्हणावं."

"कॅमेरा काय माझ्या मामाचा हाय का?"

"आणि साहेब काय माझ्या मामाचे आहेत?"

ती हसली. हसली की तिच्या गालाला खळी पडते, ती आईवर गेलीय. "मग माझ्याबिगर करून टाका. तसंबी माझं तिथं काय काम हाय? बोलणारे तुमी, ऐकणारे तुमी, फोटोत बी तुमीच." हे बोलणं मला तेव्हा उद्धट वाटलं. पुढं कळलं की ती व्यवहार्य सूचना होती. दोन तारखेच्या सकाळच्या गाडीनं ती परभणीला गेली आणि तिथून नाटक मंडळातल्या गीताबाईंच्या सोबतीनं कोल्हापूरला.

तीन तारखेला मारुतीच्या देवळासमोर मांडव पडला. परभणीहून पुरुषभर उंचीचा झेंडूचा हार आला. तो ज्याच्या गळ्यात घालायचा ते माणूस नव्हतं आणि नियमाप्रमाणं तो परत जाणार नव्हता. तेव्हा भुजंग ग्रामसेवकांनी सुचवलं की सत्कारमूर्तीचा फोटो मांडावा. चांगुणाबाईच्या घरात चौकटीतला मोठा फोटो एकच निघाला, तो म्हातारीच्या भूमिकेतला. पांढरं पातळ, कपाळ मोकळं, नजर लांब कुठंतरी लागलेली. तो आम्ही खुर्चीवर ठेवला. खुर्ची मळकी होती म्हणून तिच्यावर शाळेतली पांढरी चादर टाकली. फोटोला हार घातला. झेंडूवर माशा बसायला लागल्या म्हणून भुजंगांनी समोर अगरबत्ती लावली. वाऱ्यानं अगरबत्ती विझायला लागली म्हणून शेजारी समई ठेवली. यातलं प्रत्येक पाऊल तेवढ्यापुरतं बरोबरच होतं, हे मी आजही कोणासमोर सांगायला तयार आहे.

साहेब तीन तास उशिरानं आले. त्या दिवशी आमच्याखेरीज त्यांचे आणखी चार कार्यक्रम होते. एक बारसं, एक विहिरीचं उद्घाटन आणि दोन शोकसभा. मांडवाच्या तोंडाशी आल्यावर त्यांनी फोटो बघितला, समई बघितली, आणि पायातल्या चपला काढल्या. साहेब फोटोसमोर हात जोडून डोळे मिटून उभे राहिले आणि मग माइकवर आले.

"काळ मोठा निष्ठुर असतो," साहेब म्हणाले. "उमलायच्या आधीच एक कळी त्यानं आपल्यातून खुडून नेली."

सूत्रसंचालन माझ्याकडं होतं. मी माणिकरावांकडं बघितलं, माणिकरावांनी आभाळाकडं बघितलं. समोर दोनशे लोक बसले होते आणि प्रभावती जिवंत आहे हे दोनशेच्या दोनशे लोकांना माहीत होतं. पण साहेबांना अर्ध्यात तोडणार कोण? चांगुणाबाईला आम्ही मंचावर मानाची खुर्ची दिली होती. तीच उठली.

"सायेब, माझी पोरगी कोल्हापूरला गेलीय."

साहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "माउली, जाणारा कुठं ना कुठं जातोच. आपण मागं राहतो."

"आवं, तीन दिसांनी येनार हाय ती."

"येईल, येईल," साहेब म्हणाले आणि त्यांनी रुमाल डोळ्यांना लावला. "तुमच्याच पोटी येईल." मग त्यांनी सगळ्यांना दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगितलं, आणि आम्ही उभे राहिलो.

इथपर्यंत सगळं निभावलं असतं. साहेब गेले असते, आम्ही हसलो असतो, हार मारुतीला घातला असता. पण जाता जाता साहेबांनी एक घोषणा केली. गावाला पक्का रंगमंच हवा म्हणून आम्ही अकरा वर्षं अर्ज करत होतो आणि अकरा वर्षं तो कोणत्याच योजनेत बसत नव्हता. आता साहेबांना आठवलं की दिवंगत ग्रामीण कलावंतांच्या स्मरणार्थ रंगमंच बांधायची एक योजना आहे आणि तिच्यात आमच्या तालुक्याचा कोटा रिकामा पडलाय, कारण तालुक्यात कलावंत आहेत पण ते वेळेवर दिवंगत होत नाहीत. "ग्रामपंचायतीचा शोकठराव तेवढा जोडा. मंजुरी मी आणतो," साहेब म्हणाले. मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. शोकसभेत टाळ्या वाजवू नयेत हे नंतर कोणाच्या तरी लक्षात आलं.

त्याच संध्याकाळी ठराव झाला. भुजंगांचं अक्षर मोत्यासारखं आहे. 'गावची गुणी नाट्यकलावती कु. प्रभावती हिच्या अकाली जाण्यानं ग्रामस्थांवर दुःखाचा डोंगर कोसळला असून तिच्या नावे रंगमंच व्हावा.' मी दबकत विचारलं की हे खोटं नाही का. भुजंग म्हणाले, "गुर्जी, 'मेली' असं कुठं लिहिलंय? 'जाण्यानं' लिहिलंय. गेली तर हाय ती." शिक्के पडले. भुजंग कामाला चोख माणूस, त्यांनी ठरावाच्या प्रती माहितीस्तव सगळ्या संबंधितांना पाठवल्या. तालुक्याला पाठवली, साहेबांना पाठवली, कॉलेजला पाठवली, आणि संबंधित म्हणून कोल्हापूरच्या सिनेमा कंपनीलाही पाठवली.

सहा तारखेला प्रभावती चाचणीत पास होऊन गावात उतरली. पारावरच्या दत्तरावांनी तिला बघून हात जोडले, मग घाईघाईनं खाली घेतले. आईनं सगळं सांगितलं तेव्हा पोरगी उंबऱ्यावर बसून पोट धरधरून हसली. स्वतःच्या फोटोला घातलेला हार बघून ती म्हणाली, "माय, जित्तेपणी एवढी फुलं कुनी घातली न्हवती." पाच दिवस ती गावात मयत म्हणून मजेत फिरली. गिरणीत दळण टाकायला गेली की बायका म्हणायच्या, "आधी तुजं घे गं, तुजं काय, तू मेलेली बाई." तिचा नंबर रोज पहिला लागायचा.

अकरा तारखेला कोल्हापूरहून पत्र आलं आणि तिचं हसू गेलं. पत्र कंपनीच्या व्यवस्थापकाचं होतं आणि चांगुणाबाईच्या नावानं होतं. 'आपल्या ग्रामपंचायतीचा ठराव पावला. वाचून अतीव दुःख झालं. मयत व्यक्तीशी करार करता येत नसल्यानं ही भूमिका पुण्याच्या एका हयात मुलीला देण्याचं योजलं आहे. कु. प्रभावती हयात असल्यास तसा त्याच ग्रामपंचायतीचा शिक्क्यानिशी दाखला वीस तारखेच्या आत सादर करावा.' ती तडक ताडकळसला गेली आणि पोस्टातून कोल्हापूरला ट्रंककॉल लावला. व्यवस्थापक फार सभ्य माणूस होता. म्हणाला, "बाई, आवाज मी ओळखला. चेहराही ओळखीन. पण माझ्या दप्तरात तुमच्या गावाचा शिक्का आहे. माझ्या मालकांनी मला तुमच्यावर विश्वास ठेवायचा पगार दिलेला नाही."

ती ग्रामपंचायतीत आली तेव्हा मी, माणिकराव आणि भुजंग तिघंही तिथंच होतो. तिनं पत्र टेबलावर ठेवलं. "मला दाखला द्या. मी हयात हाय म्हणून."

भुजंगांनी पत्र दोनदा वाचलं. "दाखल्याचा नमुना हाय माझ्याकडं. पण दप्तरी तू मयत हायस. मयताला हयातीचा दाखला दिला तर हिशेब तपासणीत मला ईचारतील. आधी ठराव रद्द करावा लागंल."

"मग करा रद्द."

"ठराव रद्द झाला की रंगमंच रद्द," भुजंग म्हणाले आणि त्यांनी खिडकीतून बाहेर बोट दाखवलं. देवळासमोर खडीचा मोठा ढीग पडला होता. साहेबांनी शब्द पाळला होता, मंजुरीच्या आधीच खडी आली होती.

माणिकरावांनी तिला खुर्ची दिली. पाच वर्षांत पहिल्यांदा दिली. "पोरी, माझं ऐक. रंगमंच पुरा होईस्तोवर तेवढी मयत ऱ्हा. लय तर दोन वर्सं. तुजंच नाव लागणार हाय त्याच्यावर. मग मी सोता वाजतगाजत तुला जित्ती करतो."

"दोन वर्सानं सिनेमा माझ्यासाठी थांबनार हाय का, काका?"

मलाही काहीतरी बोलणं भाग होतं. मी म्हणालो, "सिनेमात सगळेच नाव बदलतात. तू दुसरं एखादं नाव घे. प्रभावती कागदावर मयत राहील आणि तू हयात राहशील. दोन्हीकडं साधेल."

तिनं टेबलावरचं पत्र उचललं. मग हळूच म्हणाली, "गुर्जी, पाच वर्सं ह्या नावाला मी शिव्या खाल्ल्या. मायला खाऊ घातल्या. आज ह्या नावाला कुठं बरे दिस यायलेत, तर तुमी नावच काढून घ्यायलाव?" मी खाली मान घातली. पण खडीकडंही बघितलं, हे कबूल करतो.

ती उठली आणि दारापर्यंत गेली. तिथं थांबून तिनं भुजंगांना विचारलं, "म्हंजे गावाच्या दप्तरी मी पक्की मयत?"

"पक्की. शिक्क्यानिशी."

"बरं," ती म्हणाली आणि गेली. बरं म्हणणारी बाई किती धोक्याची असते हे आम्हा तिघांच्याही बायकांनी आम्हाला वेळोवेळी शिकवलं होतं, पण आम्ही ते विसरलो.

दुसऱ्या दिवशी दिवस कलल्यावर प्रभावती खडीच्या ढिगावर चढून उभी राहिली. "मंडळी," ती म्हणाली, "माझा रंगमंच बांधायला घेतलाय, तवा म्हनलं आपनच नारळ फोडावा. जित्त्या बाईला गावात मोठ्यानं बोलता येत न्हाई. मेलेलीला कोण अडवणार?" आणि तिनं दोन्ही हात पाठीमागं बांधले, पोट पुढं काढलं, मान तिरपी केली, आणि ढिगावर माणिकराव उभे राहिले.

मी नाटकं पुष्कळ बघितलीत. असं काम बघितलं नाही. तोच घसा, तीच खाकरण्याची तऱ्हा, वाक्य सुरू करायच्या आधी धोतराचा सोगा झटकायची तीच सवय. "वहिनी, पोरगी तोंडाला रंग लावून फिरायलीय. उजवून टाका," ती माणिकरावांच्या तोंडून म्हणाली. मग तिनं मफलर गुंडाळल्याचा आविर्भाव केला, आणि तेच माणिकराव परभणीला तिसऱ्या रांगेत मे महिन्यात मफलरनं तोंड झाकून, कोणी बघत तर नाही ना असं बघत, तिच्या नाटकाला टाळ्या पिटताना दिसले. लोक खडीवर लोळायचे बाकी राहिले. सगळ्यांत पुढं बसलेली पार्वतीबाई पदर तोंडात कोंबून हसत होती. पार्वतीबाई म्हणजे माणिकरावांची बायको. "परभे, ती मफलरीची जागा परत एकदा कर की," ती म्हणाली. प्रभावतीनं परत केली.

दुसऱ्या दिवशी भुजंग झाले. दाखल्यावर 'आहे' लिहावं की 'असावी', या विचारात घामाघूम झालेला माणूस तिनं पाच मिनिटं नुसता पेन हवेत धरून उभा केला, एक शब्द न बोलता. त्या दिवशी ताडकळसहून माणसं सायकलींवर आली होती. तिसऱ्या दिवशी मी झालो.

माझ्याबद्दल सविस्तर लिहायची गरज नाही. मी मुलींना सूचना देत होतो. सूचना देता देता मी नाटकाचा फुकट पास मागत होतो, आणि पास खिशात घालताना मुलींना पुन्हा सूचना देत होतो. माझ्या शाळेतल्या मुली पहिल्या रांगेत बसल्या होत्या आणि त्यांना माझा हुंदकासुद्धा ओळखू आला. होय, परभणीला तिची म्हातारी बघताना मी रडलो होतो. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. तिनं रंगमंचावरून बघितलं असणार. सगळं गाव हसत होतं आणि मला मात्र वाटलं की या पोरीला मी तेव्हाच जाऊन दोन शब्द बोलायला हवे होते. फार वाईट वाटलं. पण दुसऱ्या दिवशी दत्तरावांचा नंबर आहे असं कळल्यावर मी वेळेआधी जाऊन जागा धरली.

गावाची पंचाईत अशी झाली की दुसऱ्याची नक्कल प्रत्येकाला हवी होती आणि स्वतःची कोणालाच नको होती. पाच वर्षांत तिच्याबद्दल काहीच बोलला नाही असा पुरुष गावात सापडेना. लोक रांगेनं माणिकरावांकडं यायला लागले. माणिकरावांनी भुजंगांना बोलावलं आणि नोटीस काढायला सांगितली. 'सार्वजनिक खडीवर विनापरवाना नकला करू नयेत.' शिपाई नोटीस घेऊन गेला आणि तसाच परत आला.

"घेत न्हाई ती. मयताला नोटीस लागू व्हत न्हाई म्हनती."

"वारसाला द्यायची," भुजंग म्हणाले.

"दिली. चांगुणाबाई म्हनती, मला वाचता येत न्हाई, तुमीच वाचून दाखवा. मी वाचली. तर म्हनती, लेक माझं ऐकायला जित्ती कुठं हाय?"

भुजंगांनी नियमांची सगळी पुस्तकं काढली. दंड करावा तर इसम हयात लागतो. ताकीद द्यावी तर हयात लागतो. गावाबाहेर काढावं तरी हयात लागतो. मयताविरुद्ध ग्रामपंचायतीला एकच अधिकार आहे, तो म्हणजे श्रद्धांजली वाहण्याचा, आणि तो आम्ही वापरून बसलो होतो. सोळा तारखेला भुजंगांनी पुस्तक मिटलं आणि घाम पुसला. "माणिकराव, तिचं तोंड बंद करायचं असंल तर आधी तिला जित्ती करावी लागंल."

सतरा तारखेला खास ग्रामसभा भरली. विषय एकच. कु. प्रभावती हयात आहे किंवा कसे. प्रभावती आईशेजारी बसून शेंगा खात होती. दत्तरावांनी सूचना मांडली की तिला हयात समजावं, मात्र पूर्वलक्षी प्रभावानं नाही, म्हणजे तीन ते सतरा या काळात ती मयतच धरावी, नाहीतर आपण उभे राहिलो ती दोन मिनिटं फुकट जातील. ही दुरुस्ती सभेनं मान्य केली. मतदान झालं. एक जण तटस्थ राहिला. त्याचं म्हणणं होतं की जिवंतपणाविषयी आपला अभ्यास नाही. बाकी सगळ्यांचे हात वर होते, आणि माणिकरावांचा सगळ्यांत वर होता.

भुजंगांनी एका हातानं दाखला दिला आणि दुसऱ्या हातानं नोटीस. दाखल्यावर त्यांनी ठळक अक्षरात 'हयात आहे' असं लिहिलं होतं. तिनं ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि तिचे डोळे भरून आले. "पयल्यांदा 'आहे' लिवलं तुमी, भुजंगभाऊ," ती म्हणाली. नोटीस तिनं न वाचताच शेंगांची टरफलं बांधायला घेतली.

अठराच्या सकाळी मी तिला गाडीवर सोडायला गेलो. मनाशी ठरवून गेलो होतो. गाडी आली तेव्हा म्हणालो, "प्रभावती, तू म्हातारीचं काम फार चांगलं केलंस." त्याला चार वर्षं झाली होती.

"आता सांगायलाव व्हय गुर्जी," ती म्हणाली आणि वाकून माझ्या पाया पडली. मी तिची पिशवी गाडीत चढवली. वीसला ती कोल्हापुरात कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. तिचं पत्र आलंय, मोठ्यानं रडायचा प्रसंग एका दमात झाला आणि सगळ्यांनी वाखाणला म्हणे. चांगुणाबाई ते पत्र बाजारात भाजीच्या टोपलीत ठेवते आणि गिऱ्हाइकाकडून वाचून घेते.

प्रश्न उरला रंगमंचाचा. खडी पडून आहे. साहेबांनी कळवलंय की मंजुरी अजून जिवंत आहे, फक्त नाव बदलून द्यावं लागेल. भुजंगांनी नवा शोकठराव लिहून ठेवलाय. त्यात कलावंताच्या नावाची जागा कोरी आहे. गावात शोधून झालं. आमच्या गावात नाव घेण्यासारखं आता कोणी उरलं नाही, जे होते ते शहाणे होऊन कामाधंद्याला लागले.

म्हणून हे लिहायला घेतलं. वाचकहो, तुमच्या घरात कोणी असेल तर कळवा. गाणारं, चित्र काढणारं, चोरून वहीत काही लिहिणारं, आरशासमोर नकला करणारं. वय कितीही चालेल. मुलगी असेल तर उत्तम. ते मेलेलंच असलं पाहिजे असा आमचा आग्रह नाही. तेवढं काम तुम्ही घरच्या घरी बरंचसं उरकत आणलं असेल. आम्हाला फक्त नाव हवंय.